खिशातल्या म्युझिक प्लेयरला स्पीकर कुठला घ्यायचा? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मोबाईल असताना वेगळा प्लेयर कशाला, हा प्रश्न इथे घेतला नाहीये. ज्यांच्याकडे आहे त्यांना कारण माहितीये, मधेच फोन येत नाही, जाहिरात येत नाही, आणि बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेलं सगळं एका मेमरी कार्डात मावतं. पण दोन-चार जणांनी मिळून ऐकायचं म्हटलं की इयरफोन कामाचा नाही आणि मग स्पीकरचा शोध सुरू होतो. नात्यातल्या लोकांचे, भजनी मंडळातल्या काकूंचे, हॉस्टेलवरच्या पोरांचे मला येणारे प्रश्न साठवून ठेवलेत, त्यातले जे पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर.

१. प्लेयरला स्पीकर जोडायचाय, सगळ्यात आधी काय बघू?

स्पीकर बघूच नका, आधी प्लेयर हातात घ्या आणि त्यातून आवाज बाहेर यायचे रस्ते किती ते बघा. बहुतेकांना ३.५ मिमीचा इयरफोन जॅक असतो, काहींना ब्लूटूथ असतं, काहींना वेगळा लाईन आउट (स्पीकर किंवा ॲम्प्लिफायरला जोडायचं वेगळं भोक) असतो, आणि नवीन असेल तर टाइप-सी मधूनही आवाज निघतो. मग स्वतःला विचारा की कुठे बसून ऐकणार, स्पीकरपासून किती लांब, आणि तिथे प्लग आहे का. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा स्पीकर आणि हॉलमध्ये पाच-सहा जणांनी बसून ऐकायचा स्पीकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकात दोन्ही करायला गेलं की बहुतेक वेळा दोन्ही अर्धवट होतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. ब्रँड, रंग, लाईट हे सगळं याच्या नंतर.

२. घरात जुन्या डेकचे दोन मोठे बॉक्स पडलेत, ते डायरेक्ट प्लेयरला लावले तर चालतील का?

डायरेक्ट नाही. ते पॅसिव्ह स्पीकर आहेत, म्हणजे त्यांच्या आत ॲम्प्लिफायर (आवाजाचा सिग्नल मोठा करणारा भाग) नाही, तो डेकमध्ये होता. प्लेयरचा जॅक इयरफोनसाठी बनवलेला असतो, इयरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असतो आणि त्याला काही मिलिवॅट पुरतात, तर डेकचा बॉक्स ४ ते ८ ओहमचा आणि त्याला वॅटमध्ये पॉवर लागते. पिन जोडून लावलात तर कान जवळ नेल्यावर बारीक आवाज येईल, व्हॉल्युम वाढवला की फाटेल, आणि प्लेयरवर उगाच ताण.

पण म्हणून ते बॉक्स भंगारात देऊ नका! जुन्या बॉक्सचं लाकूड आणि आकार आजच्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा कितीतरी चांगला असतो. मध्ये छोटा ॲम्प्लिफायर टाकला की झालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तयार बोर्ड मिळतात. पीएएम८४०३ नावाचा अगदी छोटा बोर्ड ५ व्होल्टवर, म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर चालतो आणि ४ ओहमला प्रत्येक बाजूला ३ वॅटपर्यंत देतो, एका खोलीत हळू आवाजात ऐकायला तेवढा पुरतो. जास्त हवं असेल तर टीपीए३११६ चा बोर्ड घ्या, त्याला मात्र १२ ते २४ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. बॉक्स उघडून कोनच्या (आत-बाहेर हलून आवाज करणाऱ्या गोल पडद्याच्या) कडेची रिंग आधी तपासा, फोमची असेल तर आपल्या हवेत इतक्या वर्षांत ती चुरा झालेली असू शकते, रबराची जास्त टिकते. फोमची रिंग बदलून देणारे कारागीर अजून आहेत.

ज्याच्या आत ॲम्प्लिफायर असतो तो ॲक्टिव्ह किंवा पॉवर्ड स्पीकर. त्याला एकतर प्लग असतो, नाहीतर यूएसबीची वायर, नाहीतर आत बॅटरी. खाली जिथे नुसतं स्पीकर म्हटलंय तिथे हाच समजा.

३. एका डब्यावर १००० वॅट लिहिलंय आणि दुसऱ्यावर १० वॅट, तरी दहावाला महाग. असं का?

पहिल्यावर बहुतेक पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा दावा, लिहिलेलं असतं. तो आकडा मोजायची एकच ठरलेली पद्धत नाहीये, त्यामुळे कंपनीला वाटेल तो आकडा छापता येतो. बघायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे सलग वाजवला तर स्पीकर खरोखर किती देऊ शकतो तो आकडा. डब्यावर आरएमएस लिहिलंच नसेल तर मी तो स्पीकर हातात घेत नाही.

आकडा खरा का खोटा हे घरच्या घरी तपासायची सोपी युक्ती आहे. यूएसबीवर चालणारा स्पीकर साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर घेतो, गुणाकार केला की अडीच वॅट. आत येतात अडीच वॅट तर बाहेर सलग २० वॅट कुठून येणार? असे डबे आजही विकले जातात आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण पहिल्यांदा घेणारा माणूस बिचारा आकड्यावरच जातो.

अजून एक, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटला फक्त ३ डेसिबल वाढतात, तो फरक जेमतेम कळतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी दहापट वॅट लागतात. म्हणून १० आणि १५ वॅटमध्ये अडकू नका. सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) दिली असेल तर ती बघा, ९० डेसिबलवाला स्पीकर ८४ वाल्याएवढाच आवाज चौथ्या हिश्श्याच्या पॉवरमध्ये देतो.

४. मग माझ्या खोलीला किती वॅट पुरतील?

दहा बाय दहाच्या खोलीत, टेबलावर, हातभर अंतरावरून ऐकणार असाल तर खरे ५ वॅट भरपूर झाले. हॉलमध्ये सोफ्यावर बसून ऐकायचं तर दोन बॉक्स मिळून २० ते ४० वॅट आरएमएस. अंतराचं गणित लक्षात ठेवा, उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो, घरात भिंती आवाज परत पाठवतात म्हणून तेवढा पडत नाही. त्यामुळे घरात दणदणीत वाटणारा छोटा स्पीकर गच्चीवर किंवा अंगणात नेला की एकदम केविलवाणा वाटतो, तो बिघडलेला नसतो. उघड्यावर वाजवायचं असेल तर २० वा प्रश्न पण वाचा.

५. ब्लूटूथ घेऊ का वायरवाला?

प्लेयर एका जागी राहणार असेल तर वायर. वायरला पेअरिंग नाही, बॅटरी खात नाही, आणि घरातल्या सत्तरीच्या माणसाला एकदा दाखवलं की कळतं. प्लेयर खिशात आणि स्पीकर लांब असा वापर असेल तर ब्लूटूथ. साधारण १० मीटर धरून चला, मध्ये भिंत आली की कमी.

आवाजाच्या दर्जाबद्दल लोक फार भांडतात. ब्लूटूथवर गाणं पाठवायला कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायची पद्धत, लागतो. एसबीसी सगळ्यांकडे असतोच, त्याशिवाय एएसी, ॲपटीएक्स, आणि सोनीचा एलडॅक जो ९९० केबीपीएसपर्यंत जातो. प्लेयर आणि स्पीकर दोघांकडे तोच कोडेक असेल तरच तो वापरला जातो, नाहीतर गाडी एसबीसीवर येते. म्हणजे एलडॅकवाला भारी प्लेयर घेतला आणि स्पीकर फक्त एसबीसीवाला, तर त्या एलडॅकचा उपयोग शून्य. तरी माझं स्पष्ट मत असं की मूठभर आकाराच्या स्पीकरवर कोडेकचा फरक कळत नाही, तिथे स्पीकरच आधी कमी पडतो. त्यापेक्षा एक साइझ मोठा स्पीकर घ्या.

६. माझ्या प्लेयरमध्ये ब्लूटूथच नाहीये, पण स्पीकर ब्लूटूथवाला आहे.

ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो, छोटी डबी असते, इयरफोनच्या जॅकला लावायची. घेताना नीट विचारून घ्या, ट्रान्समीटरच पाहिजे, रिसीव्हर नाही. दिसायला दोन्ही सेम असतात आणि गाडीत लावायचे म्हणून जे विकतात ते बहुतेक रिसीव्हर असतात, लोक तेच घेऊन येतात आणि मग चालत नाही म्हणून मला विचारतात. डबीला स्क्रीन नसते त्यामुळे पेअर करताना आजूबाजूचे बाकी ब्लूटूथ स्पीकर बंद ठेवा, नाहीतर ती भलत्यालाच जाऊन चिकटते. आधी स्पीकरच्या मागे ऑक्सचं भोक (वायरने आवाज आत घ्यायची ३.५ मिमीची जागा) आहे का बघा मात्र, असेल तर पाऊण मीटरच्या केबलमध्ये काम होतं.

७. नवीन स्पीकर घेतला तर त्याला ऑक्सचं भोकच नाही. सगळ्यांचं असंच आहे का?

सगळ्यांचं नाही पण बॅटरीवाल्या छोट्या स्पीकरमध्ये बऱ्याच कंपन्यांनी ते काढून टाकलंय. उदाहरण द्यायचं तर जेबीएलच्या फ्लिप ४ ला ऑक्स होतं, २०१९ च्या फ्लिप ५ पासून नाही, चार्ज ४ ला होतं, चार्ज ५ ला नाही. मागच्या वर्षीचा मित्राचा स्पीकर बघून तोच नवीन मॉडेलमध्ये मागवला आणि फसलो असं सांगणारे बरेच भेटतात. म्हणून मॉडेलचा पूर्ण नंबर बघून फीचरची यादी वाचा, फोटोवर जाऊ नका. २०२५ मध्ये आलेल्या फ्लिप ७ आणि चार्ज ६ मध्ये टाइप-सी मधून वायरने आवाज घ्यायची सोय आली, पण त्यासाठी प्लेयरला पण टाइप-सी मधून डिजिटल आवाज बाहेर काढता आला पाहिजे, जुन्या एमपी३ प्लेयरला ते जमत नाही. घेऊन झालाच असेल तर ६ वा प्रश्न.

८. व्हॉल्युम प्लेयरचा फुल ठेवायचा का स्पीकरचा?

इयरफोनच्या जॅकमधून जोडलं असेल तर प्लेयरचा व्हॉल्युम साधारण तीन चतुर्थांशवर ठेवा आणि बाकी कमीजास्त स्पीकरवर करा. प्लेयर फार कमी आणि स्पीकर फुल असं केलं की मागची स्स्स अशी खरखर पण मोठी होते. उलट प्लेयर अगदी फुल केला तर काही प्लेयर शेवटच्या टप्प्यात फाटतात, ते आवाज कमी असला तरी फाटलेलंच ऐकू येतं आणि लोक स्पीकरला दोष देतात.

लाईन आउट असेल तर तोच वापरा, तिथे बहुतेक वेळा व्हॉल्युम फिक्स असतो आणि सगळं कंट्रोल स्पीकरकडे. फक्त त्याच भोकात नंतर चुकून इयरफोन लावू नका, कानठळ्या बसतील.

९. आम्ही भजन, नाट्यसंगीत, शास्त्रीय ऐकतो. आम्हाला बास किती पाहिजे?

हा माझा सगळ्यात जवळचा प्रश्न आहे म्हणून उत्तर लांब होणार.

आईकडे एक छोटा प्लेयर आहे, त्यात तिचं पहाटेचं ऐकणं. मी हौसेने तिच्यासाठी मोठ्या वूफरचा टू पॉइंट वन (दोन छोटे बॉक्स आणि बाससाठी वेगळा वूफर) आणला, दुकानात ढिंचॅक गाण्यावर काय मस्त वाजला होता. घरी तानपुरा लागला आणि नुसतं घूंऽऽ असं एक ढग भरल्यासारखं झालं खोलीत, त्यात गळा बुडून गेला. चार दिवसांनी ती परत इयरफोन लावून बसलेली दिसली, मला काही बोलली नाही. तेव्हा मी या विषयाच्या मागे लागलो.

काय होतं ते सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मधला सा साधारण १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या अर्ध्यावर म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. हातात मावणारा स्पीकर ८०-१०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देतच नाही. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्यातून निघतच नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण तानपुऱ्याची जवारी नीट लावलेली असली की त्या तारेतून वरचे स्वर भरपूर निघतात आणि त्या वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. त्यामुळे एखादा साधा छोटा स्पीकर तानपुऱ्याला चांगला न्याय देतो, जर त्याने वरचे स्वर स्वच्छ दिले तर.

गोंधळ होतो तो बास बूस्टवाल्या स्पीकरमध्ये. त्यांना खरा ६९ देता येत नाही म्हणून ते १००-१५० च्या पट्ट्यात आवाज फुगवतात, आणि नेमका त्याच पट्ट्यात गायकाचा सा आणि डग्ग्याचा घुमारा असतो. मग मींड घेतली की मधेच एक स्वर उगाच मोठा होतो, डग्गा पिंपासारखा वाजतो, पखवाजाची थाप आणि तिच्या मागचा नाद वेगळा कळत नाही. स्त्री गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिचा सा साधारण २०८ आणि तानपुऱ्याचा खर्ज १०४, म्हणजे थेट फुगवलेल्या पट्ट्यात. आईच्या बाबतीत हेच झालं होतं.

म्हणून आपल्या गाण्यांना बास कमी असला तर चालेल, तो सपाट पाहिजे. बूस्टचं बटण असेल तर ते बंद करता आलं पाहिजे. वूफरला वेगळा नॉब असेल तर तो खाली आणून बघा, नवीन घ्यायच्या आधी आहे तोच स्पीकर सुधारू शकतो. आई आता दोन छोट्या बॉक्सवर ऐकते, प्रत्येकात चार इंचाचा कोन आणि वर एक ट्वीटर (बारीक उंच स्वरांचा छोटा कोन), वूफर नाहीच. लावणीची ढोलकी, डीजे, सिनेमाची गाणी हे जास्त असेल तर वूफर घ्या, तिथे तो हवाच.

१०. दुकानात स्पीकर तपासायचा कसा? तिथे सगळेच भारी वाजतात.

स्वतःचा प्लेयर आणि स्वतःची गाणी घेऊन जा, दुकानदाराचा डेमो ऐकू नका, तो त्या स्पीकरला शोभेल असाच निवडलेला असतो. एक नुसता तानपुरा, एक पुरुष आवाज, एक स्त्री आवाज, एक पखवाज किंवा तबला, आणि एखादं बोलण्याचं रेकॉर्डिंग, कीर्तन किंवा व्याख्यान. बोलणं ही सगळ्यात कडक परीक्षा आहे, माणूस नाकात बोलतोय का मडक्यातून बोलतोय हे कानाला लगेच कळतं.

दोन स्पीकर तुलना करताना आवाज सारखा करून ऐका, कारण थोडा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. मग फुल व्हॉल्युमला नेऊन अर्धा मिनिट ठेवा, डबा थरथरतो का, आवाज फाटतो का बघा. आणि एकदम हळू पण करून बघा, कारण पहाटे किंवा रात्री तसंच ऐकणार आहात, काही स्पीकर हळू केले की एक बाजूच गायब होते.

११. एकच स्पीकर पुरेल का दोन घेऊ?

ओट्यावर, बाथरूमबाहेर, शेतात असं चालताफिरता ऐकायचं तर एक. बसून ऐकायचं तर दोन, यात मला शंकाच नाही. एका डब्यात दोन कोन असले तरी ते वितभर अंतरावर असतात, लांबून एकच वाटतात. जुगलबंदीत सतार एका बाजूला आणि सरोद दुसऱ्या बाजूला ऐकू येण्यातली मजा दोन वेगळ्या बॉक्सशिवाय नाही. फार जुनी रेकॉर्डिंग मुळात मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) असतात, तेवढंच ऐकत असाल तर एक चांगला घ्या, दोन स्वस्तातले नको.

दोन ब्लूटूथ स्पीकर जोडून स्टीरिओ करायचं असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. एकाच कंपनीचे वेगळे मॉडेल जोडले जातीलच असं नाही, स्पीकर एकमेकांना जोडायच्या जेबीएलच्याच पद्धती बघा, कनेक्ट प्लस आणि पार्टीबूस्टवाले एकमेकांना ओळखत नाहीत, आणि नवीन ऑराकास्टवाले पार्टीबूस्टशी जुळत नाहीत. आज एक घेतो पुढच्या दिवाळीला दुसरा, असं ठरवत असाल तर हे आधी बघा.

१२. स्पीकर ठेवायचा कुठे? पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, ते बरोबर आहे का?

पातेल्यात आवाज मोठा होतो खरा, कारण सगळा आवाज एकाच दिशेला वळतो आणि पातेलं स्वतः पण घुमतं. बातम्या ऐकायला ठीक, गाण्याला नको, सगळ्या स्वरांवर पातेल्याचा आवाज चढतो.

भिंतीजवळ नेला की बास वाढतो, कोपऱ्यात नेला की अजून वाढतो. छोटा स्पीकर पातळ वाजत असेल तर भिंतीकडे सरकवा, घुमत असेल तर फूटभर पुढे ओढा, फुकटात झालं. दोन बॉक्स असतील तर दोन्हींमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं, ट्वीटर कानाच्या उंचीला. कपाटाच्या वर ठेवू नका, बहुतेक घरांत तिथेच असतो. रिकाम्या फरशीच्या हॉलमध्ये फार घुमतं, तिथे एक सतरंजी आणि जाड पडदा नवीन स्पीकरपेक्षा जास्त काम करतो.

१३. प्लेयर चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घरघर येते. स्पीकर खराब आहे का?

नाही. प्लेयर आणि स्पीकर दोघांना वेगवेगळ्या वाटेने वीज मिळतेय आणि ऑक्सच्या वायरने ते परत एकमेकांना जोडलेत, त्यामुळे ग्राउंडचा एक लूप तयार होतो आणि त्यातून घूं असा आवाज येतो. चार्जर काढा, बंद झालं तर कारण तेच. ऐकताना प्लेयर बॅटरीवर ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय. ते जमत नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या मध्ये लावतात. यूएसबीचा स्पीकर आणि प्लेयर एकाच दोन पोर्टवाल्या चार्जरला लावले तरी किरकिर येते, वेगळे चार्जर वापरा. प्लगची तिसरी पिन काढून टाकली की हमिंग जातं असा सल्ला काही जण देतात, तसं अजिबात करू नका, ती अर्थिंग तुमच्या जिवासाठी आहे.

१४. मुलाने जर्मनीहून प्लेयर पाठवला, इयरफोनवर ठीक पण स्पीकरवर फारच हळू वाजतो.

युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेयरवर कानांच्या सुरक्षेसाठी आवाजाची मर्यादा असते, ईएन ५०३३२ नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात इयरफोनच्या जॅकला १५० मिलिव्होल्टच्या आसपास मर्यादा येते आणि घरगुती ऑक्सला साधारण त्याच्या दुप्पट अपेक्षित असतं. सेटिंगमध्ये व्हॉल्युम लिमिट असेल तर बंद करून बघा, सोनीच्या वॉकमनमध्ये एव्हीएलएस नावाने असतं. तिथे काही हाती लागलं नाही तर ब्लूटूथने जोडा, त्याला जॅकच्या व्होल्टेजची मर्यादा लागत नाही, किंवा ज्याच्या आत जास्त गेन आहे, म्हणजे आलेला सिग्नल जो जास्त मोठा करतो, असा स्पीकर घ्या.

१५. जुना आयपॉड आणि त्याचा डॉक स्पीकर सापडलाय, वापरू का?

नक्की वापरा. ॲपलने आयपॉड मे २०२२ मध्ये बंद केला पण असलेले चालतात. २००३ पासूनच्या रुंद ३० पिनच्या डॉकमधून लाईन आउट मिळतो, तो इयरफोन जॅकपेक्षा स्वच्छ. २०१२ पासूनचे लायटनिंगवाले या डॉकवर बसत नाहीत. एक गंमतीशीर अडचण आहे, अगदी जुन्या डॉकवर नंतरचे आयपॉड वाजतात पण चार्ज होत नाहीत, कारण जुने डॉक फायरवायरच्या १२ व्होल्टवर चार्ज करायचे आणि २००८ च्या आसपास ॲपलने ते काढलं. तो डॉक बिघडलेला नाही, चार्जिंग वेगळ्या केबलने करा.

१६. माझ्या प्लेयरला ४.४ मिमीचं बॅलन्स्ड भोक आहे, त्यातून स्पीकरला जोडलं तर जास्त चांगलं वाजेल का?

साध्या ऑक्सवाल्या स्पीकरला त्यातून जोडूच नका. बॅलन्स्डमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूची निगेटिव्ह वायर वेगळी असते आणि तिच्यातही सिग्नल असतो. ४.४ वरून ३.५ करणारा स्वस्त कन्व्हर्टर त्या दोन्ही एकत्र करतो, म्हणजे प्लेयरच्या आतल्या दोन ॲम्प्लिफायरचं शॉर्ट, आणि प्लेयर जाऊ शकतो. स्पीकरला एक्सएलआर किंवा बॅलन्स्ड टीआरएस (मोठ्या स्पीकरला असणारी बॅलन्स्ड भोकं) इनपुट असेल तरच ४.४ वरून दोन एक्सएलआरची केबल वापरा. बाकी सगळ्यांनी ३.५ वापरावं.

१७. विलंबित चालू असताना स्पीकर आपोआप बंद पडतो, द्रुतमध्ये नाही पडत. हे काय?

स्पीकरमध्ये वीज वाचवायला ऑटो स्टँडबाय असतं, काही मिनिटं सिग्नल अगदी हळू आला तर त्याला वाटतं गाणं संपलं. संथ आलाप, झोपताना लावलेला तानपुरा यात हमखास होतं. प्लेयरचा व्हॉल्युम वाढवा आणि स्पीकरचा कमी करा (८ वा प्रश्न), कानाला तेवढंच पण सिग्नल मोठा जातो. मागे स्टँडबायचं बटण असेल तर ते बंद करा.

१८. कोकणात राहतो, वॉटरप्रूफच घेऊ का?

बाहेर नेणार असाल तर हो. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतं, पण एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेली नाही. वाळूत नेणार असाल तर आयपी६७ घ्या. समुद्राचं खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. आणि स्पीकर वॉटरप्रूफ असला तरी प्लेयर नसतो, त्याच्या जॅकला पावसाळ्यात बुरा धरतो आणि एक बाजू जाते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की बहुतेक वेळा येते.

१९. एका प्लेयरवरून दोन स्पीकर वाजवता येतील? आणि दोन प्लेयर एका स्पीकरला?

पहिलं चालतं, साध्या वाय स्प्लिटरने, दोन्ही ॲक्टिव्ह असले पाहिजेत. दुसरं त्याच स्प्लिटरने उलटं करू नका, एक प्लेयर दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये सिग्नल ढकलतो. त्यासाठी स्विचचा डबा मिळतो, एका वेळी एकच जोडणारा.

२०. गच्चीवर किंवा सोसायटीत वाजवायचं तर काही नियम आहेत का?

आहेत, आणि स्पीकर छोटा आहे म्हणून सुटका नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सणांच्या काही दिवसांना सरकार रात्री १२ पर्यंत सूट देतं, वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, त्यात कुठले दिवस ते दरवर्षी बघावं लागतं. गच्चीवर एक मोठा स्पीकर कठड्याकडे तोंड करून ठेवण्यापेक्षा दोन-तीन छोटे लोकांच्या मध्ये ठेवा, सगळ्यांना सारखं ऐकू येतं आणि शेजारी कमी जातं.

२१. आजोबांना एकाच कानाने ऐकू येतं, त्यांच्या स्पीकरवर गायक ऐकू येतो पण पेटी येत नाही म्हणतात.

रेकॉर्डिंगमध्ये पेटी एका बाजूला टाकलेली असणार आणि तो बॉक्स त्यांच्या न ऐकू येणाऱ्या कानाकडे. प्लेयरच्या सेटिंगमध्ये मोनो असेल तर ते चालू करा, दोन्ही बाजू एकत्र होतात. नसेल तर डाव्या-उजव्या वायर नुसत्या एकत्र पिळू नका, १९ मध्ये सांगितलेलीच अडचण, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून प्रत्येक वायरला एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडून घ्या, तशी केबल कुणीही करून देतो. आणि तो एक स्पीकर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, खुर्चीपासून हातभर, व्हॉल्युमचा नॉब त्यांच्या हाताला लागेल असा ठेवा.